दीर्घकालीन दाह आणि रोजचे ताट : नाशिकच्या घरांसाठी बारा आठवड्यांचा आहारक्रम

माझ्या आईच्या उजव्या हातातली अंगठी सकाळी बोटातून हलत नसे आणि दुपारनंतर तीच अंगठी सैल होऊन फिरू लागे. कित्येक महिने आम्ही त्याला वयाचा परिणाम समजलो; नंतर रक्ततपासणीत सीआरपी, म्हणजे दाह असताना रक्तात वाढणारे प्रथिन, वाढलेले निघाले आणि आमवाताचे, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले. मी आहारसल्ल्याचे काम करते, तरीही एका परिचिताच्या आग्रहाखातर आईने मध्यंतरी दोन महिने गोळ्या बंद करून नुसत्या चूर्णांवर भिस्त ठेवली, आणि त्या दोन महिन्यांत गेलेली मनगटाची हालचाल पूर्णपणे परत आली नाही. त्यामुळे हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला पहिली विनंती अशी आहे की, येथे सांगितलेला आहार औषधांच्या जोडीने घ्यायचा आहे, औषधांऐवजी नाही.

जखम झाली किंवा घसा धरला की तो भाग लाल होतो, सुजतो, तापतो आणि दुखतो. हा दाह शरीराच्या संरक्षणाचा भाग आहे. काम संपले की तो शमतो. दीर्घकालीन दाहात मात्र ही यंत्रणा मंद आचेवर चालूच राहते. काहींच्या बाबतीत, उदाहरणार्थ आमवातात, शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. पुष्कळांच्या बाबतीत पोटाच्या आत, यकृत-आतड्यांभोवती साठलेली चरबी दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडत राहते. ही चरबी नुसती साठवण नसून ती एखाद्या ग्रंथीप्रमाणे स्राव करते, ही गोष्ट लक्षात आली की मधुमेह, हृदयविकार, यकृतावरील चरबी आणि सांधेदुखी एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात का भेटतात ते कळते.

आरंभीची नोंद

आहार बदलण्यापूर्वी आज आपण कुठे आहोत हे कागदावर असले पाहिजे. अन्यथा तीन महिन्यांनी ‘बरे वाटते’ आणि ‘काही फरक नाही’ यांत घरातच वाद होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने सीआरपी किंवा एचएस-सीआरपी (त्याचीच अधिक सूक्ष्म तपासणी), ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) करून घ्यावे. हृदयविकाराचा धोका पाहताना एचएस-सीआरपी दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर धोका कमी, १ ते ३ असेल तर मध्यम आणि ३ च्या वर असेल तर जास्त मानतात. हा आकडा १० च्या वर गेला तर बहुधा एखादा संसर्ग, दातांचे दुखणे किंवा सक्रिय आजार असतो. कारण शोधून दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. सर्दी-तापात केलेल्या सीआरपीवरून आहाराचे काहीच ठरवू नये. बरेच दिवस दाह असेल तर लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढेलच असे नाही, ही गोष्टही डॉक्टरांच्या कानावर घालावी.

घरी दोनच मापे घ्यायची. कंबरेचा घेर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेपने मोजावा. आपल्याकडील पुरुषांत तो ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटातील चरबीकडे लक्ष द्यायला हवे. दुसरे माप सकाळच्या आखडलेपणाचे: उठल्यापासून बोटे नीट मिटेपर्यंत किती मिनिटे गेली ते रोज वहीत लिहावे. आईच्या वहीतला पहिला आकडा ९५ होता.

बाजाराची पिशवी

दाह कमी करणारा आहार म्हणून ऑलिव्ह तेल, ब्लूबेरी आणि साल्मन मासा यांच्या याद्या सगळीकडे फिरतात. भूमध्य समुद्राकाठच्या देशांतील आहारावर चांगले संशोधन झाले आहे हे खरे. परंतु त्या आहाराचे बळ एखाद्या महागड्या जिनसेत नाही. भरपूर भाज्या, कडधान्ये, सालासकटचे धान्य, तेलबिया, बेताचे मासे आणि अगदी थोडी साखर अशी त्याची ठेवण आहे, आणि नाशिकला बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, एक फेरी मारली तर त्यातले जवळजवळ सगळे मिळते. आपण चुकतो ते प्रमाणात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसाचा हिशेब दिला आहे: भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. ही सगळी वजने कच्च्या जिन्नसांची आहेत. चौघांच्या घराला याच हिशेबाने आठवड्याला सुमारे अकरा किलो भाजी लागते. मी ज्या घरांत विचारते तिथे बहुधा चार-पाच किलो भाजी येते आणि त्यातही बटाटा असतो, जो येथे भाजीत धरायचा नाही. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत पदार्थ न बदलता फक्त पिशवी बदलावी: मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, अंबाडी यांपैकी मिळतील त्या चार-पाच जुड्या, सोबत दोडका, गिलके, भोपळा, गवार, घेवडा, वांगी, कोबी, आणि कोशिंबिरीसाठी काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कांदा. लासलगाव-पिंपळगावच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला कांदा-टोमॅटोचे अप्रूप वाटत नाही. पण कांद्यातील क्वेर्सेटिन आणि टोमॅटोतील लायकोपीन ही दोन्ही द्रव्ये दाहावरील अभ्यासांत नेहमी येतात. शिजवलेल्या टोमॅटोतले लायकोपीन अंगी अधिक लागते, तेव्हा साधे टोमॅटोचे सार हाही या आहारातला चांगला पदार्थ आहे.

एक सावधगिरी. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे आणि बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर भाज्या, फळे आणि डाळींचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून स्वतंत्र ठरवून घ्यावे, कारण पोटॅशियमचा प्रश्न असतो.

घरातून काय कमी करायचे

तिसऱ्या आठवड्यात तेल, साखर आणि मैदा यांचा हिशेब मांडावा. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल आणि त्यावर थोडे तूप एवढ्यात भागले पाहिजे. महिन्याच्या एक तारखेला मोजून तेल भरावे आणि फोडणी पळीऐवजी चमच्याने द्यावी. शेंगदाण्याचे तेल आपल्या स्वयंपाकाला योग्य आहे. निम्म्या भाज्या मोहरीच्या तेलात केल्या तर ओमेगा-३ या दाह कमी करणाऱ्या स्निग्धाम्लाची थोडी भर पडते. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे मात्र थांबवावे. वारंवार तापलेल्या तेलात घातक संयुगे साठत जातात. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उपाहारगृहांतील तळणीच्या तेलातील अशा संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरात यंत्राने मोजणे शक्य नाही, तेव्हा तळण कमी आणि कढई लहान, हाच उपाय.

साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे. दोन चमचे साखरेचा चहा तीनदा घेतला की ती चहातच ओलांडली जाते. चहा बंद करण्याची गरज नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जावे, म्हणजे जिभेला पत्ता लागत नाही. गूळ आणि मध हीही साखरच धरावी. बिस्किटे, खारी, टोस्ट, नूडल्स, थंड पेये यांबद्दल वेगळे सांगायला नको.

रविवारच्या मिसळीविषयी मात्र सांगायला हवे, कारण ती सोडा असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञाचे नाशिकमध्ये कोणी ऐकणार नाही आणि सोडण्याचे कारणही नाही. मिसळीचा पाया म्हणजे मोड आलेली मटकी, आणि या आहारात तिच्याइतकी उपयोगी वस्तू थोडीच. अडचण तर्रीतले तेल, मूठभर फरसाण, दोन-तीन पाव, तळलेला पापड आणि शेवटची जिलेबी यांची आहे. हॉटेलात उसळ जास्त, तर्री कमी, फरसाण वेगळ्या वाटीत असे मागावे. एकच पाव घ्यावा, कांदा-लिंबू भरपूर घ्यावे आणि सोबत दही घ्यावे. घरी करायची तर फरसाणाऐवजी भाजलेले पोहे आणि भाजलेले शेंगदाणे घालून पाहावे. महिन्यातून एक रविवार हॉटेलात आणि उरलेले घरी, एवढी वाटणी बहुतेकांना जमते.

भाकरी

पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला जेमतेम तीन ग्रॅम तंतू असतात, तर बाजरी आणि नागलीत (नाचणीत) सुमारे अकरा ग्रॅम. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातील जिवाणूंना पचतात, आणि ते त्यांपासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी याच आम्लावर पोसल्या जातात. अस्तर धड असेल तर जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपून दाह वाढवत नाहीत. आमवात असो वा यकृतावरील चरबी, तंतूंवर एवढा भर देण्याचे कारण हे आहे.

सिन्नर-येवल्याकडची बाजरी आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातली नागली आपल्या जिल्ह्यातच पिकते. नागलीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आमवातासाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होण्याचा धोका असल्याने त्यांना तिचा दुहेरी उपयोग होतो. नागलीची भाकरी तुटते म्हणून शहरातल्या घरांनी ती सोडली. तिला उकड हवी. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, त्यात एक वाटी पीठ सोडून ढवळावे, गॅस बंद करून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि मग परातीत हाताला सोसेल इतपत गरम असतानाच पाण्याचा हात लावून तळव्याने रगडून मळावे. अशी उकड काढली की भाकरी कडेने चिरत नाही आणि तव्यावर टाकून पाणी फिरवले की टम्म फुगते. थापणे जमत नसेल तर लाटली तरी चालते. बोटे दुखणाऱ्या माणसाने मळण्याचे काम मात्र घरातल्या दुसऱ्याला सांगावे.

सगळी धान्ये एका दिवसात बदलू नयेत. आठवड्यातून तीन दिवस एका वेळेपासून सुरुवात करावी आणि पाणी वाढवावे. तंतू एकदम वाढले की पोट फुगते आणि माणूस सगळाच प्रयोग सोडून देतो. पोळीचे पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा काढू नये. सीलिएक आजार (गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा आजार) किंवा गव्हाची सिद्ध झालेली ॲलर्जी नसेल तर गहू वर्ज्य करण्याचे कारण नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि दही घेतले की एकादशीही मोडत नाही आणि रक्तातील साखरही उसळत नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपवासाला आणि या आहारबदलाला आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी, कारण साखर खाली जाऊ शकते.

जवस

संपूर्ण आहारक्रमातून एकच गोष्ट करायची असे कोणी म्हणाले, तर मी पालेभाजीनंतर जवसाचे नाव घेईन. आपल्या तेलांतून ओमेगा-६ भरपूर मिळते आणि ओमेगा-३ फारच कमी. जवसाच्या वजनाचा पाचवा हिस्सा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा असतो. एक मोठा चमचा जवसपुडीतून दीड ग्रॅमच्या आसपास ते मिळते. कारळ्याची चटणीही चांगली, पण कारळ्यात मुख्यतः ओमेगा-६ आहे, त्यामुळे ती जवसाची जागा घेऊ शकत नाही. अख्खे जवस तसेच बाहेर पडतात. कुटूनच खावे लागतात.

एक वाटी जवस निवडून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायला घ्यावेत. तीन-चार मिनिटांत ते तडतडू लागतात. एक दाणा दाताखाली धरावा, चिकट न लागता कुरकुरीत तुटला की लगेच ताटात काढावेत. काळपट होईपर्यंत भाजले तर तेल बिघडते आणि चटणी कडू लागते. त्याच कढईत चार सुक्या मिरच्या आणि चमचाभर जिरे गरम करावे, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बेताचे मीठ घालून सगळे पूर्ण गार झाल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटावे. मिक्सर वापरला तर थांबत थांबत फिरवावा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. दीडशे ग्रॅम जवसाची चटणी चौघांना रोज एक मोठा चमचा या मापाने चार-पाच दिवस पुरते, तेव्हा एका वेळी तेवढीच करावी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावी; खवट वास आला तर टाकून द्यावी. जवसाच्या तंतूंत औषध अडकू शकते, म्हणून गोळ्या आणि जवस यांत दोन तासांचे अंतर असावे.

जवसातले ओमेगा-३ शरीराला वापरण्याजोग्या रूपात फार थोडे बदलते. मासे खाणाऱ्यांनी म्हणून आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, तळून नव्हे तर कालवण करून किंवा तव्यावर थोड्या तेलात. समुद्राच्या या तेलकट माशांच्या मानाने धरणातल्या रोहू-कटल्यात ओमेगा-३ कमी असते.

उसळ, ताक, हळद, द्राक्षे

रोज एका जेवणात वरण किंवा आमटी आणि एका जेवणात उसळ असावी: मटकी, मूग, चवळी, हुलगे, हरभरे आलटून पालटून. मोड आल्याने त्या पचायला हलक्या होतात. मेथोट्रेक्सेट किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधे घेणाऱ्यांनी मात्र कच्चे मोड कधीही खाऊ नयेत. ओलसर उबेत जंतूही वाढतात, म्हणून नीट शिजवूनच खावेत. युरिक ॲसिड वाढले की डाळी बंद करण्याची पद्धत आहे, पण बिअर, कलेजी आणि गोड पेये यांचा दोष डाळींपेक्षा कितीतरी मोठा आहे. दुपारी वाटीभर ताजे ताक पुरे.

हळदीवर माझी श्रद्धा आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. हळदपुडीत करक्युमिन, म्हणजे हळदीतले मुख्य गुणकारी द्रव्य, साधारण तीन टक्के असते आणि अभ्यासांत वापरलेले अर्क भाजीतल्या चिमटीच्या अनेक पटींनी मोठे असतात. मिरीपूड आणि थोडी स्निग्धता सोबत असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि त्यातली स्निग्धता आपल्या फोडणीत येतेच. करक्युमिनच्या तीव्र कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

फळांत पेरू आणि आवळा आधी, मग हंगामाप्रमाणे पपई, डाळिंब, जांभूळ. द्राक्षांच्या दिवसांत पेट्या घरी येतात आणि गप्पा मारता मारता अर्धा किलो संपतात. १०० ग्रॅम द्राक्षांत सोळा-सतरा ग्रॅम साखर असते. लहान वाटीभर मोजून, जेवणानंतर नव्हे तर मधल्या वेळी, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, सालीसकट खावीत. सालीत रेस्व्हेराट्रॉल हे दाहविरोधी मानले जाणारे द्रव्य असते हे खरे, पण त्या निमित्ताने वाईन सुरू करण्याचा सल्ला मी देत नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना मद्य यकृताला सरळ अपाय करते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांनी काम करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. रात्रपाळीत वडापाव आणि चहा यांच्यावर वेळ निघते. मुख्य जेवण पाळीला जाण्यापूर्वी घ्यावे, डब्यात फुटाणे, शेंगदाणे आणि एक पेरू ठेवावा आणि घरी आल्यावर हलके खाऊन झोपावे. झोप पाच तासांवर आली तर दाह वाढतो, आहार कितीही चांगला असला तरी.

वांगे-टोमॅटोचा प्रश्न

‘वांगे वातूळ, टोमॅटो आंबट, दही नको, डाळ नको’ असे प्रत्येक शेजारी एकेक पदार्थ काढत जातो आणि शेवटी रुग्णाच्या ताटात भात आणि दुधी उरतो. ज्यावर शंका असेल असा एकच पदार्थ निवडावा, तीन आठवडे पूर्ण बंद ठेवावा, मग सलग तीन दिवस रोज खावा आणि वहीतली मिनिटे पाहावीत. त्रास स्पष्ट वाढला तर पुन्हा एकदा पडताळून तो पदार्थ सोडावा. वाढला नाही तर तो निर्दोष. आईच्या बाबतीत वांग्याने काहीच झाले नाही. ज्यांना वजन कमी करायचे आहे त्यांनी एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के एवढेच लक्ष्य धरावे. तेवढ्यानेही सीआरपी उतरलेले दिसते.

बाराव्या आठवड्यानंतर

तपासण्या त्याच प्रयोगशाळेत, ताप-सर्दी नसताना पुन्हा कराव्यात आणि कंबर त्याच टेपने मोजावी. आकडे उतरले असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळ्यांची मात्रा कमी करायची की नाही हे त्यांनीच ठरवायचे आहे. आईच्या वहीत बाराव्या आठवड्याच्या शेवटी ४० मिनिटे लिहिली होती आणि गोळ्या आहेत तेवढ्याच होत्या. कंबर आणि साखर उतरूनही सीआरपी वरच राहिले तर हिरड्या, जुना खोकला, मूत्रमार्ग यांची तपासणी करायला सांगावे, कारण दाहाचे मूळ तिथेही असू शकते. मधल्या काळात सांधा अचानक लाल होऊन तापला, ताप येऊ लागला, कारण नसताना वजन घटले, शौचावाटे रक्त गेले किंवा छातीत दुखले, तर बारा आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.